दाराशेजारची सीट

चौबळ साहेबांना विमानात नीट बसवणं हे माझ्या नोकरीतलं एक कामच होतं. ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नव्हतं, पण होतं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत मी ॲडमिनला होते. हॉटेलं, गाड्या, तिकिटं, कुरिअर, पाहुण्यांचा चहा, सगळं माझ्याकडे. चौबळ सेल्सचे मुख्य. सारखे कुठे ना कुठे उडायचे, आणि वेब चेक-इन उघडलं रे उघडलं की त्यांचा फोन. हॅलो नाही, नाव नाही. "मिळाली?" एवढंच विचारायचे.

मिळाली म्हणजे दाराशेजारची सीट. आपल्याकडच्या साध्या विमानांत एका बाजूला तीन सीटा, दुसऱ्या बाजूला तीन, आणि मधे एकच चिंचोळी वाट असते. बरोबर मध्यावर, पंखावर उघडणारी आपत्कालीन दारं असतात आणि त्या रांगांमध्ये पाय पसरायला जागा जास्त सोडलेली असते. चौबळांना तीच रांग लागायची. त्यातही अशा दोन रांगा असल्या तर मागची. कारण पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, त्यामुळे कोणी आपल्या मांडीवर येऊन पडत नाही, आणि आपली पाठ मात्र हवी तेवढी झुकते. त्या रांगेतही खिडकीची, म्हणजे आपल्याला ओलांडून कोणी संडासाला जात नाही. हे सगळं त्यांनी मला माझ्या पहिल्याच आठवड्यात समोर बसवून समजावलं. नवीन सुनेला घरातलं सोवळंओवळं सांगावं तसं.

बाकीच्या विमानाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. पुढे बसणारे उतरायची घाई असलेले कारकून. शेवटच्या रांगेत बसणाऱ्यांना तर ते माणसात धरायचेच नाहीत. मधल्या सीटबद्दल त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: मधे बसणारा माणूस मधल्याच पगारावर रिटायर होतो. हे वाक्य ते ज्याला मधली सीट मिळालेली असायची त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

आता गंमत अशी की चौबळ उंचीने माझ्याएवढेच. म्हणजे ठेंगणेच. कॉन्फरन्स रूमच्या मोठ्या खुर्चीत बसले की त्यांच्या बुटांच्या टाचा जमिनीपासून वर राहायच्या. आमच्या सर्व्हिसला सहा फुटाच्या वरचा एक इंजिनिअर होता, तो बिचारा गुडघे हनुवटीशी घेऊन प्रवास करायचा. पण पाय पसरायची जागा हवी चौबळांना. एकदा मी न राहवून म्हटलं की साहेब, त्याला देऊ का या वेळी दाराशेजारची? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सुजाता, जागा गरजेप्रमाणे मिळत नसते. जागा धरायची असते."

धरायची असते, हा त्यांचा सगळ्यात आवडता शब्दप्रयोग. माणसांचे ते दोनच प्रकार मानायचे, धरणारे आणि विचारणारे. विचारणाऱ्यांची त्यांना कीव यायची.

हे त्यांनी कुठून आणलं ते एकदा त्यांनीच सांगितलेलं. एका डीलरकडून परत येताना आमची गाडी खोपटला डेपोसमोर अडकलेली आणि समोर एसटीत माणसं चढत होती. खिडकीतून कोणी रुमाल टाकत होतं, कोणी पिशवी. चौबळ बराच वेळ ते बघत राहिले आणि मग म्हणाले की लहानपणी दर सुट्टीत इथूनच ते मुरबाडला मामाकडे जायचे. वडील सज्जन माणूस, धक्काबुक्की करायचे नाहीत. सगळी गाडी भरली की मग चढायचे. आई छोट्या चौबळांना कडेवर घेऊन मुरबाडपर्यंत उभी. एका खेपेला तिला चक्कर आली, तरी कोणी उठलं नाही. तेव्हाच आपण ठरवलं, असं म्हणाले, आणि पुढच्या सुट्टीला वडिलांच्या हातातून सुटून खिडकीतून आत शिरले आणि सीट धरली.

मला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल काहीतरी बरं वाटायला लागलं. मी विचारलं, मग आई बसल्या का?

ते गोंधळले. हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नसावा. मग म्हणाले, "अगं, मीच धरली होती ना." म्हणजे तेच बसले. आई त्या खेपेलाही उभीच होती. फक्त कडेवरचं ओझं कमी झालं होतं. एका उभ्या बाईकडे बघून हा माणूस एवढंच शिकला की आपण बसायचं.

पुढे आयुष्यभर ते बसत राहिले. आमच्या अकाउंट्सच्या दामले मॅडमच्या मुलीचं लग्न कल्याणला होतं, ऐन मे महिन्यात. हॉलचा एसी बंद पडलेला. यजमानांनी कुठून तरी एक मोठा कूलर आणला आणि त्याच्या समोर नवरीच्या आजीसाठी गादीची खुर्ची ठेवली. आजींना आणायला माणसं गेली तेवढ्यात चौबळ त्या खुर्चीत. आजी आल्या, उभ्या राहिल्या. चौबळांनी त्यांना वाकून नमस्कार केला, तब्येतीची चौकशी केली, त्यांच्या काळातली लग्नं कशी होती ते विचारलं, हे सगळं बसूनच. शेवटी आजीच म्हणाल्या की बसा हो, मला वाऱ्याचा त्रासच होतो, आणि नातीचा हात धरून भिंतीकडे गेल्या. चौबळ मला म्हणाले, बघ, त्यांना नकोच होती.

हे निदान विनोदी होतं. नाखवांच्या बाबतीत जे केलं ते विनोदी नव्हतं.

नाखवा आमचे जुने फिटर, बाळकुमचे. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. खाडीत मासे कमी आणि आसपास टॉवर जास्त झाले तेव्हा ते कंपनीत लागले. निवृत्तीला आलेले असताना त्यांना पहिल्यांदा विमानाने जायची वेळ आली, चेन्नईला एका प्लांटवर, चौबळांबरोबर. नाखवा माझ्या टेबलाशी येऊन दोन वेळा उगाच उभे राहिले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "बाय, खिडकी मिळंल का? आमची खाडी वरशी बगायचीय." मी म्हटलं, बघते. मागे चौबळ उभे होते. त्यांनी लगेच म्हटलं की अगं, दे ना त्यांना खिडकी, आणि सीटचा नंबरही स्वतःच सांगितला, पंखाच्या थोडा पुढचा. मला खरंच आश्चर्य वाटलं. घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की चौबळ म्हातारपणी सुधारतायत.

विमानाच्या त्या जातीत एका ठिकाणी भिंतीच्या आतून हवेचा पाइप जातो, म्हणून तिथल्या एका सीटला खिडकीच नसते. नावाला खिडकीची सीट, शेजारी नुसती पांढरी भिंत. चौबळांना ते माहीत होतं. मला नव्हतं. नाखवा चेन्नईपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून बसले, आणि रात्री जेवताना चौबळांनी तिथल्या डीलरना ही गंमत हसून हसून सांगितली.

परत आल्यावर नाखवांनी माझ्याकडे तक्रार केली नाही. भिंत स्वच्छ होती, एवढंच म्हणाले. मग सांगितलं की येताना त्यांना वाटेकडची सीट होती, तर खिडकीतल्या अनोळखी बाईंना त्यांनी सरळ विचारलं की मला जरा खिडकीत बसू द्याल का. बाई उठल्या. खाडी दिसली. वरून फार बारीक दिसते, म्हणाले.

मी हे चौबळांना मुद्दाम जाऊन सांगितलं. विचारून मिळाली म्हटलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, गुरुवारची माझी झाली का?

आता शैला वहिनींबद्दल सांगायला हवं. शैला वहिनी म्हणजे मिसेस चौबळ. मी त्यांना सात-आठ वेळाच भेटले असेन. बाळकुमला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांचा फ्लॅट होता, तिथे सत्यनारायणाला बोलवायच्या. दिवाणखान्यात गॅलरीसमोरची खुर्ची साहेबांची, हे सांगावं लागायचं नाही. वहिनी कमी बोलायच्या. पण कोणी काही विचारलं की काम थांबवून त्याच्याकडे नीट बघून उत्तर द्यायच्या. मुलांनी विचारलं तरी. त्यांच्या घरात त्यांना कोणी फारसं काही विचारत नसणार, असं मला तेव्हा वाटायचं.

कंपनीची नवी शाखा बंगळुरूला निघाली तेव्हा मोठ्या लोकांना सपत्नीक नेलं, आणि व्यवस्थेसाठी मला. चौबळांनी आधीच बजावलं की आमच्या रांगेत अनोळखी माणूस नको, वाटेकडची सीट तू घे. म्हणजे खिडकीत दाराशेजारी ते, मधे वहिनी, कडेला मी. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तसंच.

त्या रांगेत बसणाऱ्यांना विमानातली मुलगी येऊन समजावते. वेळ आली तर दार तुम्ही उघडायचं, आधी बाहेर आग नाही ना ते बघायचं, मग वरचं हँडल जोरात खाली ओढायचं, सामान घ्यायचं नाही. आणि मग प्रत्येकाला विचारते की कराल ना मदत, आणि प्रत्येकाने तोंडाने हो म्हणायचं असतं. चौबळ फोनवर बोलत होते. त्यांनी तिचं वाक्य संपायच्या आत हात हलवून येस येस केलं. मीही हो म्हटलं, सगळे म्हणतात तसं. वहिनींनी मात्र तिला थांबवलं आणि हिंदीत विचारलं की हँडल घट्ट असतं का. ती म्हणाली, जोर लगाना पड़ेगा मॅडम. मग वहिनींनी पुढच्या खिशातलं ते चित्रांचं कार्ड काढून दोन्ही बाजूंनी वाचलं. चौबळ म्हणाले, "अगं, ते दाखवायला असतं. इतकी वर्षं बसतोय मी इथे."

येताना पुन्हा तसंच. मुलगी वेगळी, प्रश्न तोच, आणि वहिनींनी पुन्हा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून हो म्हटलं.

विमान बंगळुरूला धावपट्टीकडे हळूहळू चाललं होतं. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. मला आधी वास आला, इस्त्रीची वायर जळते तसा. मग छताच्या पट्टीतून करडा धूर उतरायला लागला. फार नव्हता, पण विमानात थोडा धूरही पुरतो. विमान थांबलं. मागे एक बाळ रडायला लागलं आणि मग स्पीकरवरून हुकूम आला की सगळ्यांनी बाहेर पडा.

त्यानंतर जे झालं ते माझ्या अंगावरूनच झालं, त्यामुळे त्यात माझी चूक होणं शक्य नाही. चौबळ उठले. त्यांच्या डाव्या हाताला दार होतं, इतकी वर्षं ज्याच्या शेजारी बसायला ते धडपडले ते दार, आणि ते उजवीकडे वळले. वहिनींच्या मांडीवरून, मग माझ्या गुडघ्यांवरून पाय टाकत वाटेत आले आणि वरचा कप्पा उघडून बॅग ओढायला लागले. बॅग कशात तरी अडकली होती. वाट इतकी अरुंद की त्यांच्यामागे सगळं विमान थांबलं. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. बॅगेचं चाक माझ्या खांद्याला लागलं.

मी वळून पाहिलं तर वहिनी खिडकीच्या सीटवर सरकल्या होत्या. त्या काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या. त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं की अहो बघताय काय, उघडा. पण त्या आग आहे का ते बघत होत्या, सांगितलं होतं तसं. मग त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरून खाली ओढलं. दार बाहेरच्या बाजूला वर उचललं गेलं आणि एकदम ऊन आत आलं. त्यांनी साडीचा पदर खोचला, पंखावर पाय ठेवला आणि हात मागे करून म्हणाल्या, "सुजाता, ये."

मी गेले. माझ्यामागून लोक येत राहिले. वहिनी पंखाच्या कडेला उभ्या राहून एकेकाला मागच्या उतारावरून खाली बसून घसरायला सांगत होत्या, मराठीतच. सगळ्यांना कळत होतं. एका म्हातारबाबांची चप्पल सुटली तर वहिनींनी त्यांना थांबू दिलं नाही. गणवेशातल्या एका मुलाने येऊन त्यांना उतरायला लावेपर्यंत त्या तिथेच होत्या.

सुदैवाने आग वाढली नाही. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. आम्हाला लांब गवतावर उभं केलं होतं. वहिनी अनवाणी, तळहात सोललेला, केस सुटलेले. आणि विमानाच्या पुढच्या अंगाने चौबळ येताना दिसले. ते पुढच्या दाराच्या घसरगुंडीवरून उतरले होते. शर्ट खोचलेला. हातात बॅग.

आले, वहिनींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पर्स कुठाय तुझी?"

वहिनी म्हणाल्या, आत राहिली.

"चष्मा?"

तोही आतच होता.

"एवढं साधं सुचू नये," चौबळ म्हणाले.

मला वाटलं वहिनी आता रडतील, किंवा निदान काहीतरी बोलतील. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, जरा डोळे बारीक करून, चष्मा नव्हता म्हणून. मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी सहज, एखाद्या बरणीबद्दल सांगावं तसं म्हणाल्या, "हँडल घट्ट नव्हतं गं."

सोमवारी ऑफिसमध्ये चौबळ जे सांगत होते त्याचं पहिलं वाक्य होतं, "आम्ही दार उघडलं." हा 'आम्ही' शब्द मी बारकाईने ऐकला. त्यात वहिनी होत्या, मीही असेन, पण बोलणारे चौबळ असल्याने ऐकणाऱ्याला तिघांत चौबळच दिसत. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं. चौबळ म्हणाले, छे छे, कर्तव्य. मी जेवणाच्या सुट्टीत ज्याला त्याला खरं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, सगळे हसले, आणि दुपारी केक कापला तेव्हा सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या. पहिला तुकडा चौबळांनी स्वतःच उचलला. आपल्या लोकांना खरं माहीत असतं, पण केक समोर असला की त्याची घाई नसते.

त्यांच्या सोसायटीने गणपतीत सत्कार ठेवला. वहिनींनी मला फोन करून बोलावलं, तू होतीस ना तिथे, ये. मी डोंबिवलीहून मुद्दाम गेले. स्टेजवर चार खुर्च्या, मधली जरा उंच, त्यावर कोण हे सांगायला नको. सेक्रेटरींनी चौबळ दांपत्याला शाल-श्रीफळ दिलं. मग चौबळ बोलले. प्रसंगावधान, शिस्त, संस्कार. हवाई प्रवाशाची जबाबदारी या विषयावर तर ते इतके छान बोलले की मलाही दोन क्षण पटलं. दार, धूर, लोकांचा आकांत, सगळं होतं त्यात. बॅग तेवढी नव्हती.

शेवटी सेक्रेटरींनी शिष्टाचार म्हणून माइक वहिनींपुढे धरला की आपणही दोन शब्द बोला. तो खरं तर प्रश्न नव्हता. अशा वेळी बायका मान हलवून नको म्हणतात आणि मग आरती सुरू होते, हे सगळ्यांना माहीत असतं. वहिनींनी माइक हातात घेतला.

"मला बोलायची सवय नाही," त्या म्हणाल्या. "त्या मुलीने आम्हा तिघांना विचारलं होतं, वेळ आली तर दार उघडाल ना. मी हो म्हटलं होतं. म्हणून मी उघडलं. हे तेव्हा बॅग काढत होते."

मांडवात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आपण कोणावर अन्याय तर करत नाही ना, असा काहीतरी विचार वहिनींच्या चेहऱ्यावर दिसला, आणि त्यांनी पुढे म्हटलं, "बॅग अडकली होती वर. त्यांना वेळ लागला."

कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि एकटं पडल्यावर थांबवली. चौबळांनी हसत माइक घेतला. अहो, फार घाबरलेली हो ती तेव्हा, तिला नीट आठवत नाही, असं काहीसं म्हणाले. लोक आपापल्या पायांकडे बघत होते. पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र वहिनींकडेच बघत होत्या आणि एकसारखी मान हलवत होत्या. वहिनींनी अंगावरची शाल काढली, उकडत होतं म्हणून, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली. चौबळ आरती संपेपर्यंत त्या उंच खुर्चीवरून उठले नाहीत. आरतीला सगळे उभे होते, हेही त्यांच्या लक्षात आलं नसावं. की आलं होतं आणि उठवत नव्हतं, कोण जाणे. मला त्यांची दया आली असं म्हणता येणार नाही.

त्यानंतर वर्षभराने ते रिटायर झाले. माझा त्यांच्याशी संबंध संपला, पण वहिनींचा एकदा फोन आला. मुलीकडे हैदराबादला जायचं होतं. तिकीट मुलीने काढलं होतं, सीट कशी घ्यायची ते विचारत होत्या. म्हणाल्या, एकट्या बाईला देतात का गं ती दाराशेजारची? मी म्हटलं देतात, मी घेऊन देते. आणि साहेब? ते घरी आहेत, म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, विजय नव्हता. आधी कधी नसलेली एक मोकळीक तेवढी होती. मी विचारलं की पाय पसरायला हवीय का. "नाही गं," त्या म्हणाल्या. "मला येतं ना आता ते. मग मी नको का बसायला?"

चौबळांना मी शेवटचं पाहिलं ते पाचपाखाडीत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलेले. बाहेरच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं डोळ्यांत औषध घालून, डोकं मागे टेकून, डोळे मिटून ओळीने बसली होती. त्या ओळीत चौबळ. बरेच वाळलेले. एकटेच आलेले दिसत होते. मी बरोबर समोर बसले, पण त्यांचे डोळे बंद.

ते शेजारच्या गृहस्थांशी बोलत होते. त्यांचेही डोळे बंद. दोघंही छताकडे तोंड करून. मी थोडं ऐकलं आणि कळलं की बंगळुरूची गोष्ट चाललीय. धूर आता काळाकुट्ट झाला होता. पंखाला ज्वाळा लागल्या होत्या. आणि 'आम्ही' जाऊन त्या जागी 'मी' आलं होतं. "मी म्हटलं, कोणी हलायचं नाही. सामानाला हात लावायचा नाही. मी आधी खिडकीतून बाहेर बघितलं, आग कुठल्या बाजूला आहे. असं नुसतं उघडायचं नसतं ते."

तेवढ्यात नर्सने यादीतून माझं नाव पुकारलं. सुजाता लेले.

चौबळ थांबले. डोळे उघडले त्यांनी. बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यांना उजेडाशिवाय काही दिसत नसणार, पण मी उठले तेव्हा खुर्ची वाजली आणि त्या आवाजाकडे त्यांचं तोंड वळलं. ते वाट बघत होते, मी काही बोलते का याची. मी पर्स खांद्याला लावली.

"मग?" शेजारचे गृहस्थ डोळे मिटूनच म्हणाले. "मग दार कोणी उघडलं?"

चौबळांचं तोंड अजून माझ्याकडेच होतं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"उघडलं," ते म्हणाले. "उघडलं दार."

नर्सने पुन्हा माझं नाव घेतलं. मी आत जाताना मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी डोकं परत भिंतीला टेकवलं होतं आणि गालावर ओघळलेलं औषध पुसायला खिशात रुमाल शोधत होते.